फोल्डिंग सायकलवर सामान: कुठे ठेवायचं, कसं बांधायचं

घरापासून स्टेशनपर्यंत सायकल, मग मेट्रो, उतरल्यावर ऑफिसपर्यंत पुन्हा सायकल. अशा रोजच्या जाण्यायेण्याला १६ किंवा २० इंची चाकांच्या फोल्डिंग सायकलीसारखी सोय नाही. पण बरेच जण ती हौसेने घेतात आणि महिन्याभरात सामानापाशी अडतात. लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली, रेनकोट, येताना भाजी, हे सगळं ठेवायचं कुठे? मग एक तर पाठीवर सॅक चढते आणि एप्रिल-मेमध्ये ऑफिसात पोहोचेपर्यंत शर्ट पिळून काढावा लागतो, नाही तर हँडलला पिशव्या लटकायला लागतात.

या दोन्हींची गरज नाही. छोट्या चाकांची सायकल सामान न्यायला मोठ्या सायकलीपेक्षा सोयीची आहे, कारण चाकाच्या वर भरपूर मोकळी जागा उरते आणि त्या जागेतलं सामान जमिनीलगत राहतं. फक्त ते फ्रेमला बसवायला हवं. हँडलबरोबर फिरणाऱ्या भागावर आणि आपल्या पाठीवर जितकं कमी तितकं चांगलं. बाकीच्या सगळ्या सूचना यातूनच निघतात.

हँडलला पिशवी का नको

सायकलच्या हँडलला पिशवी अडकवायची सवय आपल्याला जुन्या काळ्या २८ इंची सायकलीने लावली. मुंबईचे डबेवाले त्या सायकलीच्या हँडलला दोन्हीकडे डबे लटकवून गल्ल्यागल्ल्यांतून जातात आणि सायकल डगमगत नाही. त्या सायकलीचं पुढचं चाक मोठं आणि जड असतं, चिमटा, म्हणजे ते चाक धरणारा फोर्क, चांगला तिरपा असतो. फिरणारं जड चाक स्वतःच सरळ राहायला बघतं, आणि चिमट्याची तिरकी ठेवण त्याला साथ देते.

२० इंची चाक हलकं असतं, हँडल चटकन वळतं. गर्दीतून वाट काढताना हाच त्याचा गुण, पण हँडलवर वजन आलं की तोच त्रास देतो. शिवाय फोल्डिंग सायकलीत हँडल एका लांब उभ्या दांड्यावर असतं आणि त्या दांड्याच्या बुडाशी बिजागरी असते. वर पाच किलोची पिशवी झुलत असेल तर प्रत्येक झोका त्या बिजागरीवर येतो.

खात्री करायची असेल तर एक प्रयोग करा. हँडलच्या एका बाजूला पाच किलोची पिशवी अडकवा, सीटला एका हाताने धरा आणि सायकल चार पावलं ढकला. पुढचं चाक लगेच त्या बाजूला वळून कोसळेल. आता तीच पिशवी मागच्या कॅरिअरवर बांधा आणि पुन्हा ढकला. सायकल बऱ्यापैकी सरळ जाते.

आधी वजन करा

सामान कुठे बांधायचं ते ठरवण्याआधी ते किती आहे ते बघा. अंदाज नेहमी कमी निघतो. चार्जरसकट लॅपटॉप दोन किलोच्या आसपास, भरलेला स्टीलचा डबा एक, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, चांगलं कुलूप एक ते दीड, रेनकोट अर्धा, बदलायचे कपडे आणि बूट दीड. सात-साडेसात किलो इथेच झाले. परतीच्या वाटेवर मंडईत थांबलात तर आणखी चार किलो सहज.

आता सायकलीची मर्यादा. फोल्डिंग सायकलींची एकूण मर्यादा साधारण १०० ते ११० किलो असते आणि त्यात चालवणाराही धरलेला असतो. काही कंपन्या सायकलीचं स्वतःचं वजनही त्यातच धरतात, म्हणून सोबतचं पुस्तक नीट वाचा. तुमचं वजन ८२ किलो आणि सामान १२ किलो असेल तर ९४ झाले, म्हणजे १०० ची मर्यादा फार लांब नाही. कॅरिअरची मर्यादा वेगळी असते. ती बहुधा त्याच्या पट्टीवर कोरलेली किंवा छापलेली असते, १० किलो, १८ किलो, २५ किलो अशी. सायकलीची आणि कॅरिअरची, दोन्ही मर्यादा पाळायच्या.

पुढे, फ्रेमच्या नाकावर

छोट्या चाकांच्या सायकलीवरची सगळ्यात उत्तम जागा पुढे आहे, हँडलच्या दांड्याखाली, जिथे फ्रेमची मुख्य नळी सुरू होते तिथे. अँड्र्यू रिची यांनी १९७० च्या दशकात लंडनमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये ब्रॉम्प्टन सायकलीचं डिझाइन केलं. तिच्या हेड ट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या नाकावर, एक छोटा प्लास्टिकचा ठोकळा दोन बोल्टांनी बसतो. पिशवीच्या आतल्या सांगाड्याची खाच त्यावर सरकवली की खट्ट आवाज येऊन पिशवी बसते, आणि खटका दाबून वर उचलली की एका हाताने निघते. ठोकळ्याची मर्यादा १० किलो. ठोकळा फ्रेमला असल्याने हँडल वळलं तरी पिशवी वळत नाही. पहिल्या दिवशी डोळ्यांना विचित्र वाटतं, हात उजवीकडे आणि पिशवी समोरच. दोन-तीन दिवसांत सवय होते, आणि मग आठ किलो लावलेले असतानाही हँडल रिकाम्या सायकलीसारखं हलकं लागतं.

२० इंची फोल्डिंग सायकलींपैकी बऱ्याच मॉडेलांच्या हेड ट्यूबवर पुढच्या बाजूला आट्यांची भोकं दिलेली असतात. ती अशाच ठोकळ्यासाठी किंवा पुढच्या कॅरिअरसाठी असतात. तुमच्या सायकलीवर आहेत का ते बघा, कधी कधी त्यांत काळे स्क्रू बसवून ठेवलेले असतात. भोकं नसतील तर ड्रिलने पाडून घेऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. फ्रेमवर सगळ्यात जास्त ताण येणाऱ्या जागांपैकी ती एक आहे.

बसवताना असं करा. भोकांतला रंग आणि धूळ साफ करा. बोल्ट आधी हाताने फिरवा, अडकला तर जोर न लावता काढून पुन्हा सरळ धरा. आटे मारले गेले की ती फ्रेम दुरुस्त करणं महाग पडतं. बोल्टच्या आट्यांना थ्रेडलॉकचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा, एक थेंब लावा, म्हणजे खडखडाटाने ढिला होणार नाही. दोन्ही बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने आवळा. मग भरलेली पिशवी चढवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवा. ब्रेकच्या आणि गिअरच्या केबली पिशवीत अडकतात का, ताणल्या जातात का, हे नीट वाकून बघा. केबल ताणली गेली तर वळताना आपोआप ब्रेक लागू शकतो.

राहिला दिवा. हँडलवरचा दिवा उंच पिशवीमागे झाकला जातो आणि आपल्याला सायकलीवर बसून ते कळत नाही, कारण पिशवीचा वरचा भाग उजळलेला दिसतो. संध्याकाळी कोणाला तरी समोर दहा पावलांवर उभं करून विचारा. झाकला जात असेल तर दिवा पिशवीच्या पुढच्या पट्टीला किंवा चिमट्याच्या माथ्यावर, मडगार्डच्या बोल्टला लावा.

हँडलच्या आडव्या दांडीवर बसणारे अडॅप्टर आणि बास्केटही बाजारात असतात. त्यात मोबाइल, पाकीट, रेनकोट ठेवा, दोन किलोच्या वर जाऊ नका.

मागचं कॅरिअर

रोज घडी करायची नसेल तर मागचं कॅरिअर स्वस्त आणि बहुगुणी. घेताना ते २० इंची चाकासाठीच आहे ना बघा. मोठ्या सायकलीचं कॅरिअर बसवलं तर ते टायरपासून वीतभर उंच राहतं किंवा मागे कलतं, आणि कमी उंचीचा सगळा फायदा जातो. नीट बसलेल्या कॅरिअरची पट्टी जमिनीपासून साधारण ५५ सें.मी.वर येते, मोठ्या सायकलीत ती ७२-७५ सें.मी.वर असते. सामान इतकं खाली आलं की वळताना आणि सिग्नलला पाय टेकवताना तो फरक लगेच जाणवतो. ॲलेक्स मोल्टन यांची १६ इंची चाकांची सायकल १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये आली, तेव्हाही चाकांवरच्या मोकळ्या जागेत सामान नेता येणं हा तिचा मोठा फायदा मानला गेला. छोट्या चाकांना बसणारे धक्के शोषायला मोल्टन यांनी पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन दिलं. आपल्या सायकलीत बहुधा ते नसतं, म्हणून सामान बांधण्यावर जास्त लक्ष द्यायचं.

कॅरिअरचे बोल्ट बहुतेक वेळा ५ मि.मी. जाडीचे असतात आणि त्यांना ४ मि.मी.ची ॲलन की लागते. बोल्टखाली वॉशर हवा आणि जिथे बोल्ट आरपार जातो तिथे नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, ढिला न होणारा नट. साधा नट आपल्या रस्त्यांवर फार दिवस टिकत नाही. सीटच्या दांड्याला चिमट्यासारखं अडकणारं कॅरिअर मात्र फोल्डिंग सायकलीसाठी घेऊ नका. घडी करताना सीटचा दांडा खाली जातो, ते आड येतं, आणि वजनाने ते दांड्याभोवती फिरतं.

कॅरिअरच्या बाजूला अडकवायच्या पिशव्या, ज्यांना सायकलवाले पॅनिअर म्हणतात, त्या निवडताना उंची मोजा. नेहमीची मोठी पॅनिअर ४० सें.मी. उंच असते. २० इंची सायकलीवर तिचं बूड जमिनीपासून जेमतेम १५ सें.मी.वर येतं. गतिरोधकाला, फुटपाथच्या कडेला घासतं, पावसात डबक्यातून जातं. मोठ्या सायकलीच्या पुढच्या चाकासाठी ज्या छोट्या, ३० सें.मी. उंचीच्या पॅनिअर मिळतात त्या आपल्या मागच्या कॅरिअरला बरोबर बसतात. मग टाचेची चाचणी. ऑफिसचे बूट घालूनच सीटवर बसा, कोणाला तरी सायकल धरायला सांगा आणि पॅडल उलटं फिरवा. टाच पिशवीला लागत असेल तर पिशवीचे हुक मागे सरकवा. पण फार मागेही नको, वजन मागच्या चाकाच्या अ‍ॅक्सलच्या मागे गेलं की चढावर पुढचं चाक हलकं होऊन भरकटतं.

एकच पॅनिअर असेल तर डावीकडे लावा, उजवीकडे डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, असतो. मात्र स्टँडही डावीकडेच असतो. भरलेली पिशवी डावीकडे आणि सायकल स्टँडवर, म्हणजे ती डावीकडे आडवी होणार हे नक्की. सायकल भिंतीला टेकवून उभी करा, पिशवी सगळ्यात शेवटी अडकवा आणि पोहोचल्यावर सगळ्यात आधी काढा.

पॅनिअरवर खर्च करायचा नसेल तर प्लास्टिकचा छोटा क्रेट चांगला. त्याचं बूड कॅरिअरच्या पट्टीवर ठेवून चारही कोपऱ्यांना जाड केबल टाय लावा, प्रत्येक जागी दोन. क्रेटचा पुढचा काठ सीटच्या दांड्याला टेकेल इतका पुढे घ्या, म्हणजे तो मागेपुढे हलत नाही. फक्त हे करताना सीट खाली घेता येते का ते बघा.

बांधायला माझ्या मते सायकलच्या जुन्या ट्यूबला तोड नाही. पंक्चरवाल्याकडे फाटलेली ट्यूब मागा, लांबीत कापून दोन बोटं रुंदीची पट्टी करा. ती ताणली जाते, घसरत नाही, सामानाला घट्ट चिकटून राहते. हुकवाली रबरी दोरी सगळीकडे मिळते, पण ताण देताना हुक सुटून डोळ्याला लागू शकतो. पट्टी कुठलीही असो, तिचं मोकळं टोक लोंबकळत ठेवायचं नाही. छोट्या चाकाच्या सायकलीत कॅरिअर आणि स्पोक यांच्यात अंतर कमी असतं. चार बोटांचं टोक वाऱ्याने हलत हलत स्पोकात जातं, गुंडाळलं जातं आणि मागचं चाक जाम होतं. टोक गाठीखालून आत खोचा, वरून आणखी एक वेढा द्या. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यांनाही हाच नियम.

पिशवी भरायची कशी

छोटं चाक खड्ड्यात मोठ्या चाकापेक्षा जास्त आत जातं आणि धक्का जोरात देतं. तो थेट सामानाला लागतो, म्हणून भरण्याचा क्रम महत्त्वाचा.

सगळ्यात खाली जुना टॉवेल किंवा बदलायचे कपडे, तीन-चार सें.मी. जाडीचा थर. लॅपटॉप त्याच्या कव्हरात घालून उभा, फ्रेमच्या बाजूला, त्या थरावर टेकलेला. पिशवीच्या बुडाला त्याचा कोपरा लागता कामा नये. कुलूप आणि चार्जर खाली पण लॅपटॉपपासून दूर, मध्ये रेनकोटची घडी. डबा उभाच राहायला हवा. पातळ आमटी किंवा ताक झाकण घट्ट असलेल्या वेगळ्या बाटलीत न्या, कारण स्टीलच्या डब्याची क्लिप कितीही घट्ट वाटली तरी गतिरोधकांवरून रस्सा बाहेर येतोच. पाण्याची बाटली पिशवीत ठेवण्यापेक्षा फ्रेमच्या पिंजऱ्यात.

भाजी घेताना कांदे-बटाटे आधी घ्या आणि खाली टाका, मग काकडी, दुधी, वर टोमॅटो, सगळ्यात वर पालेभाजी. मंडईत फिरताना वाटेत जे दिसेल ते घेतलं तर भरताना सगळं पुन्हा बाहेर काढावं लागतं.

वीस लिटरचा पाण्याचा जार आणि गॅसचं सिलिंडर या सायकलीवर न्यायचं नाही. मुलांना कॅरिअरवर बसवायचं तर अजिबात नाही, सामानाचं कॅरिअर त्यासाठी बनवलेलंच नसतं.

हवा, टायर, ब्रेक

छोट्या टायरमध्ये हवा मुळातच कमी मावते, त्यामुळे थोडी कमी झाली तरी रिम खड्ड्याच्या कडेवर आपटते आणि ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. टायरच्या कडेवर किमान-कमाल पीएसआय, म्हणजे हवेच्या दाबाचा आकडा, लिहिलेलं असतं. त्या मर्यादेत राहून, सामान असलेल्या दिवशी मागच्या टायरमध्ये पाच-दहा पीएसआय जास्त भरा. २० इंची, पावणेदोन इंच रुंदीच्या टायरला ७० किलोच्या माणसासाठी मागे ६० आणि पुढे ५० हा आकडा सुरुवातीला ठीक. ब्रॉम्प्टनसारख्या अरुंद १६ इंची टायरला १०० च्या आसपास लागतं. हवा दर आठवड्याला बघा.

टायर घेताना इंचांवर विसंबू नका, कडेवरचा मि.मी.तला आकडा बघा. २० इंचीमध्ये ४०६ आणि ४५१ असे दोन माप आहेत, १६ इंचीमध्ये ३०५ आणि ३४९. एकाचा टायर दुसऱ्या रिमवर बसत नाही. ४०६ हे लहान मुलांच्या सायकलीचंही माप असल्याने ते बहुतेक दुकानांत मिळतं. ३४९ बहुधा मागवावं लागतं, म्हणून एक टायर आणि दोन ट्यूब घरी असू द्या. २० इंची ४०६ मापाचं चाक एका किलोमीटरला साधारण ६४५ फेरे घेतं, मोठं ४७५ च्या आसपास. त्यामुळे टायर लवकर झिजतो, त्यात मागच्या चाकावर सामानाचा भार. मधली नक्षी सपाट झाली की बदला.

रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर लांब उतारावर ते सतत धरून ठेवू नका. छोटी रिम लवकर तापते. धरा, सोडा, धरा, असं करत उतरा.

चालवताना

पहिल्यांदा भरलेली सायकल घेऊन थेट पुण्याच्या पौड रोडच्या गर्दीत जाऊ नका. रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात किंवा मैदानात अर्धा तास चालवा. निघणं, थांबणं, एका हाताने वळण्याचा इशारा देणं, आठाच्या आकड्यात फिरणं, एवढं जमलं की पुरे. सामानासकट सायकल थांबायला जास्त अंतर घेते, म्हणून समोरच्या रिक्षापासून नेहमीपेक्षा लांब राहा. गतिरोधकावर पॅडल आडवी ठेवून सीटवरून किंचित उठा, हात सैल. चढावर मात्र उभं राहून डोलत पॅडल मारू नका, मागचं सामान प्रत्येक वेळी उलट बाजूला ओढतं. बसून, हलक्या गिअरमध्ये चढा.

निघण्याआधी फ्रेमची आणि हँडलच्या दांड्याची, दोन्ही क्लॅम्प, म्हणजे घडीची बिजागरी बंद ठेवणाऱ्या खिट्ट्या, बघा. बंद करताना तळहाताला चांगला जोर लागला पाहिजे. सहज बंद होत असेल तर ती ढिली आहे, आवळून घ्या.

मेट्रोत आणि जिन्यावर

पुणे मेट्रोने वनाज ते रामवाडी असा रोजचा प्रवास करायचा असेल तर एक सायकल आणि एक पिशवी, याच्यावर तिसरा नग नको. एका हातात सायकल, खांद्यावर पिशवी, दुसरा हात तिकिटाला आणि कठड्याला. म्हणून रोज घडी करणाऱ्याने खांद्याचा पट्टा असलेली पुढची एकच पिशवी घ्यावी. पॅनिअर आणि क्रेट घडी न करणाऱ्यांसाठी.

स्टेशनबाहेर आधी पिशवी काढून खांद्यावर घ्या, मग घडी करा. पिशवी खाली ठेवून घडी करायला गेलात तर गर्दीत ती कोणाच्या तरी पायात येते. पिशवी स्कॅनरमध्ये जाणार असल्याने कुलपाची किल्ली आणि मोबाइल वरच्या खिशात ठेवा. लिफ्ट असली तरी सायकल आणि पिशवी घेऊन दोन जिने चढून बघा. बारा किलोची सायकल आणि आठ किलोची पिशवी म्हणजे वीस किलो. चढवत नसेल तर कुलूप आणि बूट ऑफिसात ठेवून या.

पावसाळ्यात

छोट्या चाकाच्या सायकलीत पिशव्या जमिनीजवळ असतात, त्यामुळे पाणी वरून जितकं येतं तितकंच खालून उडतं. पिशवीवरचं रेन कव्हर खालचा चिखल अडवत नाही. लॅपटॉप आणि कागद आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड दोनदा दुमडून, मग सायकलच्या पिशवीत. पुढच्या मडगार्डच्या टोकाला रबराची झालर लावली तर पायावर आणि चेनवर उडणारा चिखल निम्मा होतो. जुनी मोटारची ट्यूब कापून ती घरी बनते. पावसात कॅरिअरचे आणि ठोकळ्याचे बोल्ट महिन्यातून एकदा काढून ग्रीस लावून पुन्हा बसवा. ठोकळ्याच्या बोल्टला ग्रीसऐवजी नव्याने थ्रेडलॉक.

अजून सायकल घ्यायची असेल तर दुकानात जाताना रोजची पिशवी भरून, वजन करून सोबत न्या. हेड ट्यूबवर भोकं आहेत का, मागच्या अ‍ॅक्सलजवळ कॅरिअरची भोकं आहेत का, ते बघा. पिशवी कॅरिअरवर बांधायला सांगा आणि दुकानासमोरच्या गल्लीत एक चक्कर मारून या.